बाळ अंगाशी बांधताना

अकिका आटोपतो, पाहुणे जातात आणि घरात उरतात आई, बाळ आणि कामाचा ढीग. बाळाला अंगाशी बांधून हात मोकळे करावेसे वाटतात. मग कापड घ्यावे की बकलवाले कॅरिअर?

आम्ही म्हणू, सुरुवातीला ताणणारे कापड बरे. इवल्या अंगालाही ते नीट बसते. मात्र सैल बांधले तर बाळ खाली सरकते, उन्हाळ्यात उकडतेही. बकलवाले झटपट लागते, अब्बांनाही जमते. पण त्यावर लिहिलेल्या किमान वजनाएवढे बाळ भरले पाहिजे.

काहीही घ्या, बाळाचा चेहरा दिसावा, नाक-तोंड मोकळे राहावे, हनुवटी छातीला टेकू नये. अपुऱ्या दिवसांचे बाळ असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि शेगडीपाशी जाताना बाळ दादीकडे द्या. अल्लाहने सोपवलेली अमानत आहे ती.