जबड्यातली पट्टी आणि रद्दीत गेलेली फाईल

इथे बहुतेक जण वाड्यांच्या, आजोबांच्या आठवणी लिहितात. माझी गोष्ट अलीकडची आहे, पण आपल्या घरांच्या एका सवयीबद्दल आहे, म्हणून इथेच लिहितेय.

२००९ साली, कॉलेजात असताना, राजवाड्याजवळ स्कूटीवरून पडले. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला, डावीकडे अक्कलदाढेपाशी आणि उजवीकडे हनुवटीजवळ. टायटॅनियमच्या पट्ट्या बसवल्या, हाड जुळलं. दातांवर दात मात्र पुन्हा नीट बसले नाहीत. पुढचे दात मिटतच नाहीत. इंदुरात जन्म काढायचा आणि छप्पनवर कचोरी हाताने तोडून खायची, असं पंधरा वर्षं चाललं. मग दाढा झिजल्या, कानाजवळ ठणका सुरू झाला. आता दातांना तारा आहेत आणि जबडा सरळ करायचं ऑपरेशन ठरलंय. त्यात दाढांच्या मागे हाड उभं चिरतात, जबडा योग्य जागी सरकवतात आणि पुन्हा स्क्रूने बसवतात. नेमकी त्या चिरेच्या वाटेत माझी डावीकडची जुनी पट्टी. ती आधी काढणं भाग होतं.

आत्या म्हणाली, "अगं, दुखत नाहीये ना? मग बैठे-बिठाए कशाला उकरतेस? लग्न झालंय, पोर झालंय, आता कोणाला दाखवायचंय?" आत्याचं निम्मं बरोबर आहे. टायटॅनियमची पट्टी त्रास देत नसेल तर जन्मभर राहू देतात. हनुवटीजवळच्या माझ्या दोन पट्ट्या तशाच ठेवल्यात. पण जेवता यावं म्हणून केलेल्या ऑपरेशनला 'दिसण्याची हौस' म्हणणं मला पटत नाही, आणि ते मी आत्याला सांगितलंय.

खरी पंचाईत वेगळीच झाली. सर्जनने पहिल्याच भेटीत विचारलं, "जुनी ऑपरेशन नोट आहे का? कोणत्या कंपनीचे स्क्रू?" आम्ही सगळे गप्प. स्क्रूच्या डोक्याची खाच कंपनीगणिक वेगळी असते, त्याच मापाचा पेचकस लागतो, हे तेव्हा कळलं. आईने फाईल जपली होती, पण घर बदलताना ती रद्दीत गेली. जुन्या हॉस्पिटलने सांगितलं, इतकं जुनं रेकॉर्ड ठेवत नाही. त्यांच्यावर तरी काय रागवायचं? डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीत भरती रुग्णाचे कागद तीन वर्षं ठेवायची सक्ती आहे. मागितले तर ७२ तासांत द्यायचेत. आम्ही मागितलेच नव्हते. हातात फक्त डिस्चार्ज कार्ड, त्यावर "प्लेटिंग केले" एवढंच.

एक्स-रेवर पट्टी दिसते, खाच दिसत नाही. सर्जनने दोन-तीन प्रकारचे पेचकस मागवून ठेवले. तोंडातूनच कापून पट्टी उघडली, तर तिच्यावर हाड चढलेलं. ते आधी कोरावं लागलं. तीन स्क्रू निघाले. चौथ्याची खाच झिजली, मग त्याचं डोकं ड्रिलने उडवून उरलेला भाग खणून काढला. शेजारची अक्कलदाढही त्याच वेळी काढली. तासाभराचं काम अडीच तास चाललं. खालच्या ओठाची डावी बाजू दीड महिना बधिर होती. चहा ओघळायचा आणि कळायचंही नाही. आई समोर बसून रुमाल द्यायची आणि दर वेळी म्हणायची, "मीच दिली गं ती रद्दी."

तिला दोष देणं मला जमत नाही. आपल्या घरांत होळकर दरबारातल्या नोकरीचा कागद सापडतो, पणजोबांची पत्रिका सापडते, मामाच्या लग्नाचा आहेर कुणी किती दिला ती वहीसुद्धा सापडते. शरीरात धातू बसवलाय त्याचा कागद तेवढा सापडत नाही. गुडघा असो, खुबा असो, जबडा असो, सुट्टी मिळतानाच ऑपरेशन नोटची प्रत मागा. कंपनी, पट्टीचा प्रकार, स्क्रूचं माप, कुठे किती बसवले, हे त्यात लिहिलंय का ते तिथेच बघा. मोबाईलवर फोटो काढा आणि घरातल्या दोघांना पाठवा. मागताना "क्या करोगे मॅडम" असं ऐकावं लागेल. ऐकून घ्या आणि पुन्हा मागा.

भोकं हाडाने भरायला काही महिने दिलेत. मोठं ऑपरेशन डिसेंबरात आहे. काढलेली पट्टी छोट्या बाटलीत मिळाली, ती आईने देवघराच्या खणात पत्रिकांजवळ ठेवलीय, सोबत नवीन फाईल. इथे कोणाचं जबड्याचं ऑपरेशन झालं असेल तर सांगा, पातळ पेजेवरून मऊ पोह्यांवर यायला किती दिवस लागले?