काजव्यांच्या रानात मोटारी नकोत, एसटी हवी

मे महिन्याच्या उत्तरार्धात वळवाच्या सरी पडून गेल्या की अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला काजवे चमकू लागतात आणि त्यांच्यासोबत दरवर्षीचा वादही पेटतो. भंडारदरा जलाशयाला वळसा घालणारा रस्ता शेंडीतून निघतो आणि मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल अशी गावे घेत पुन्हा शेंडीला येतो. हा टापू १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. वर्षातले तीन-चार आठवडे, त्यातही शनिवार-रविवारच्या रात्री, या अरुंद रस्त्यावर मुंबई, पुणे, नाशिक आणि नगरहून आलेल्या मोटारींची रीघ लागते. मग एक बाजू म्हणते, काजव्यांच्या दिवसांत अभयारण्य पर्यटकांना बंदच करा. दुसरी म्हणते, गरिबाच्या चार दिवसांच्या कमाईवर घाला घालू नका, रस्ते मोकळे ठेवा. दोन्ही बाजूंना पर्यटक आणि त्याची मोटार एकच वाटतात आणि वाद तिथेच फसतो. माणसाला येऊ द्यावे आणि मोटारीला शेंडीत थांबवावे, हे शक्य आहे. हंगामात सूर्यास्तानंतर शेंडीच्या पुढे खासगी वाहनांना मज्जाव असावा आणि त्याच दिवसापासून शेंडीहून एसटीच्या फेऱ्या सुरू असाव्यात, असे माझे ठाम मत आहे. पर्याय न देता घातलेली बंदी लोकांवर अन्याय करते आणि बंदीशिवाय दिलेला पर्याय रिकामाच धावतो. दोन्ही एकदम केले तरच उपयोग.

आधी मोटार नेमके काय बिघडवते ते पाहू. काजव्याचे बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात, ओलसर माती आणि पाचोळ्यात, गोगलगायींसारखे लहान जीव खाऊन जाते. पंख फुटलेल्या अवस्थेत त्याच्या हाती फार थोडे दिवस उरतात आणि त्या दिवसांत त्याला एकच काम उरकायचे असते, जोडीदार शोधून अंडी घालण्याचे. नर चमकतो, पानावर किंवा खोडावर बसलेली मादी आपल्या मंद प्रकाशाने उत्तर देते आणि त्या खुणेवर नर तिच्यापर्यंत पोचतो. आपण ज्याला रोषणाई म्हणून पाहायला जातो तो हा दोन जिवांमधला संवाद आहे. सादड्या-हिरड्याच्या झाडासमोर मोटार उभी राहून तिचे दिवे लागले की मादीचे ते मंद उत्तर नराला दिसेनासे होते. मोटार वळवायला चाक रस्त्याच्या कडेला उतरते तेव्हा ते नेमके त्याच पाचोळ्यावरून जाते, जिथे पुढच्या वर्षीचे काजवे वाढायचे असतात. २०२० साली ‘बायोसायन्स’ या नियतकालिकात सारा लुईस आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या काजवातज्ज्ञांची मते घेऊन धोक्यांची क्रमवारी लावली. तिच्यात अधिवासाच्या नाशाबरोबर रात्रीचा कृत्रिम प्रकाश आणि कीटकनाशके ही कारणे वरच्या स्थानी आली, आणि त्याच लेखात काजवा-पर्यटनाच्या वाढत्या ताणाकडेही लक्ष वेधलेले आहे.

‘पण वनविभाग निर्बंध घालतोच की’ हा पहिला आक्षेप. खरे आहे. नाक्यावर प्रवेशशुल्क घेतले जाते, रात्री ठरावीक वेळेनंतर वाहने सोडली जात नाहीत, गर्दीच्या दिवशी एकेरी वाहतुकीचा उपायही केला जातो. या यंत्रणेतली माणसे अपुऱ्या बळावर राबतात, त्यांच्या कष्टाविषयी शंका नाही. शंका उपायाविषयी आहे. काजव्यांचा भर असतो तो अंधार पडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत, आणि सगळ्या मोटारी आत असतात त्याही त्याच तासांत. उशिराचे दार बंद केले की उशिरा येणारे लवकर निघतात आणि रात्रभर पसरली असती ती गर्दी संध्याकाळच्या दोन-तीन तासांत दाटते. एकेरी वाहतुकीने मोटारी समोरासमोर अडकत नाहीत, पण त्यांची संख्या आणि दिवे तितकेच राहतात. वेळेच्या मर्यादेने पहारेकऱ्यांना थोडी झोप मिळते, काजव्यांना अंधार मिळत नाही.

दुसरा उपाय सुचवला जातो तो रस्ता रुंद करण्याचा. गावांना खड्डेमुक्त, बारमाही रस्ता मिळायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण पर्यटकांच्या मोटारींसाठी रुंदीकरण म्हणजे जी झाडे पाहायला लोक येतात तीच रस्त्याकाठची झाडे तोडणे. शिवाय रुंद रस्त्याने मोटारी आत लवकर पोचतील, पण उभ्या कुठे राहणार? इथली खरी मर्यादा झाडांभोवतालच्या मोकळ्या जागेची आहे आणि ती जागा डांबर वाढवून वाढत नाही. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. मुंबईकराला इगतपुरी आणखी जवळ आली, आणि इगतपुरी-घोटीहून बारीमार्गे शेंडी फार लांब नाही. गर्दी वाढत जाणार हे धरूनच आखणी करायला हवी. दर वर्षी जास्त पाणी येणार असेल तर नुसता बांध उंचावत राहून भागत नाही, सांडवाही काढावा लागतो. एसटी हा तो सांडवा आहे.

आता साध्या हिशोबाकडे येऊ. एका संध्याकाळी एक हजार माणसे आत जाणार आहेत असे धरा. मोटारीत सरासरी चार जण बसले तर अडीचशे मोटारी होतात, म्हणजे पुढचे पाचशे दिवे. प्रत्येक मोटारीला अंतरासह सहा मीटर धरले तरी त्या एकामागे एक उभ्या केल्यास दीड किलोमीटरची रांग होते. तीच हजार माणसे ४४ आसनांच्या एसटीने नेली तर २३ फेऱ्या पुरतात. प्रत्येक गाडीने दोन फेऱ्या केल्या तर बारा गाड्यांत काम भागते. माणसांची संख्या तीच राहते, पण रानातल्या वाहनांच्या फेऱ्या जवळपास अकरापटीने कमी होतात. बस गावाच्या कडेला ठरलेल्या थांब्यावर उभी राहील, दिवे आणि इंजिन बंद करील, आणि तिथून पुढे गावातल्याच वाटाड्याबरोबर लोक पायी जातील. ‘एसटीलाही दिवे असतातच’ या आक्षेपाचे हेच उत्तर आहे. शिकवलेला, जबाबदार चालक ठरलेल्या जागी दिवे बंद करतो. अडीचशे अनोळखी वाहनचालकांकडून तेच करवून घेणे कोणत्याही नाक्याला जमणार नाही.

हे कागदावर ठीक, प्रत्यक्षात होत नाही, असे म्हणणाऱ्यांना शेजारच्या नाशिक जिल्ह्याकडे बोट दाखवता येते. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात सप्तशृंग गडावर खासगी वाहनांना बंदी असते. मोटारी नांदुरीला थांबतात आणि भाविक एसटीने घाट चढतात. ती गर्दी काजव्यांच्या गर्दीहून कितीतरी मोठी आणि घाट तर कठीणच. त्र्यंबकेश्वरला तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी, भीमाशंकरला श्रावणात हाच मार्ग वापरला जातो. भीमाशंकर तर अभयारण्यच आहे. म्हणजे महाराष्ट्राला ही व्यवस्था नवी नाही. देवाच्या दारी जी शिस्त आपण निमूट पाळतो ती रानाच्या दारी जाचक वाटण्याचे कारण काय? काजव्यांपुरतेच बोलायचे तर अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स उद्यानात एल्कमाँट येथे एका लयीत चमकणाऱ्या काजव्यांच्या हंगामात २००६ पासून प्रवेश मर्यादित आहे आणि तिथले वाहन-परवाने सोडतीने दिले जातात. लोक नाराज होऊन घरी बसलेले नाहीत, ते सोडतीत नाव घालतात.

सर्वांत वजनदार आक्षेप सिंहगडाचा आहे. मे २०२२ मध्ये सिंहगडावर खासगी वाहने बंद करून ई-बस सुरू झाली आणि त्याच महिन्यात ती गुंडाळावी लागली. हा दाखला नजरेआड करून चालणार नाही, कारण काय करू नये हे तो शिकवतो. तिथे गर्दीच्या मानाने गाड्या आणि चार्जिंगची सोय अपुरी पडली, पायथ्याशी लोक ताटकळले आणि घाटातल्या सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहिला. पर्याय भक्कम होण्याआधीच बंदी आली आणि लोकांच्या रोषात चांगली कल्पना बुडाली. भंडारदऱ्याची परिस्थिती तीन बाबतींत वेगळी आहे. इथे व्यवस्था बारा महिने नको, तीन-चार आठवडे हवी, तीही दिवसभर नव्हे, संध्याकाळच्या काही तासांपुरती. चार्जिंगची वाट पाहण्याची गरज नाही, महामंडळाच्या नेहमीच्या गाड्या चालतील. आणि जलाशयाच्या वळशाची दोन्ही तोंडे शेंडीजवळच असल्याने नाकेबंदी सोपी आहे. पण सिंहगडाचा धडा पाळायचा तर गाडीतली जागा आधी राखून ठेवलेली हवी. जितक्या जागा, तितकीच तिकिटे. शेंडीला येऊन तीन तास रांगेत उभे राहावे लागले तर योजना पहिल्याच शनिवारी मोडेल. ज्याला तिकीट मिळाले नाही त्याने दुसरा दिवस निवडावा, तेही सोमवार ते गुरुवारमधला. गर्दी आठवडाभर पसरली तर ते गावांच्याही हिताचेच आहे.

एसटीकडे गाड्याच नाहीत, असे म्हटले जाते. महामंडळाच्या अडचणी खऱ्या आहेत. पण आषाढीला पंढरपूरसाठी जादा गाड्या सुटतात, लग्नकार्याला प्रासंगिक करारावर गाडी मिळते. मग बारा गाड्या चार आठवडे संध्याकाळपुरत्या अकोले आणि संगमनेर आगारांतून देणे अशक्य कसे? हा तोट्याचा मार्गही ठरू नये, कारण जागा आधीच विकलेल्या असतील. ज्या एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली आणि जिची पहिली विजेवरची ‘शिवाई’ १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर निघाली, तिला या जिल्ह्यात पुन्हा एक नवा पायंडा पाडता येईल.

आता पोटापाण्याचा प्रश्न. तंबू लावणारी मुले, पिठलं-भाकरी आणि तांदळाची भाकरी करून देणाऱ्या बाया, घरात पाहुणे ठेवणारी महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे यांची वर्षाची रोख कमाई काही अंशी या हंगामावर टेकलेली आहे. त्यांच्या भीतीला हिणवणे हा अन्याय ठरेल. म्हणूनच संपूर्ण बंदीला माझा विरोध आहे. पण मोटारच या कमाईचा आधार आहे, हे गृहीतक तपासून पाहावे. स्वतःच्या मोटारीने येणाऱ्याला शहरातून खाणेपिणे भरून आणता येते, काच खाली करून चित्रफीत काढता येते आणि रातोरात परतता येते. गावाला त्याच्याकडून मिळतो तो धूर, कचरा आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या. एसटीने येणाऱ्याला गाडीची वाट पाहायची असते, म्हणून तो जेवतो, वाटाड्या घेतो, उशिराची गाडी टाळून मुक्काम करतो. मुक्कामाची नोंद असलेल्या पर्यटकाने अंधार पडण्याआधी गावात पोचून मोटार घराच्या अंगणात लावावी आणि सकाळीच हलवावी, अशी सवलत ठेवली तर घरगुती निवासांना उलट बळच मिळेल. तिकिटातला ठरलेला वाटा गावच्या समितीकडे जावा आणि कोणत्या थांब्यावर किती माणसे उतरवायची हे ग्रामसभेने ठरवावे. काजवे उरले नाहीत तर या धंद्याचे काय होईल, याचा विचार सर्वांत आधी या गावांनीच करायचा आहे, कारण शहरातल्या पर्यटकाला उद्या दुसरे ठिकाण सापडेल.

गावकऱ्यांच्या ये-जा करण्याच्या हक्काला मात्र कुठेही धक्का लागता कामा नये. स्थानिकांची वाहने, दूध, रुग्णवाहिका, नेहमीच्या प्रवासी जीपगाड्या यांना पास असावा. आज रविवारच्या रात्री साम्रदहून बाळंतिणीला राजूरच्या दवाखान्यात न्यायचे तर समोर मोटारींची भिंत उभी असते. पर्यटकांच्या मोटारी शेंडीत थांबल्या तर तिच्यासाठी रस्ता मोकळा होतो. निर्बंधांमुळे स्थानिकांचे स्वातंत्र्य जाते असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की ते आजच गेलेले आहे आणि निर्बंधानेच परत मिळणार आहे.

कायद्याची अडचण नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यातल्या प्रवेशावर अटी घालता येतात आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा सोयीसाठी एखाद्या रस्त्यावर वाहनांना मनाई करता येते. अडचण आहे ती जिल्हाधिकारी, वन्यजीव विभाग, पोलीस आणि एसटी यांनी एका टेबलाभोवती वेळेवर बसण्याची. ही बैठक मे महिन्यात, गर्दी दारात आल्यावर घेऊन उपयोग नाही. मार्चमध्ये गाड्यांची संख्या आणि शेंडीतले वाहनतळ ठरावे, एप्रिलमध्ये ग्रामसभा होऊन आरक्षण सुरू व्हावे, आणि या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय बंदीचा आदेश निघू नये. हा क्रम पाळला तर लोक विरोध करणार नाहीत, कारण त्यांच्यापासून काही हिरावलेले नसेल. पहिल्या वर्षी फक्त शुक्रवार ते रविवार हा प्रयोग करून पाहावा, किती माणसे आली, गावात किती पैसा राहिला, रस्ता किती वेळ अडला, याची नोंद ठेवावी आणि ती जाहीर करावी. त्या नोंदीच्या आधारे दुसऱ्या वर्षीचा निर्णय व्हावा. त्यासाठी कामाला लागायची वेळ पुढच्या हंगामाआधीची आहे, नंतरची नव्हे.