पोथी कोणाची?

अफगाणिस्तान यादवीत होरपळत असताना, १९९६ च्या सुमारास, तेथील प्राचीन बौद्ध पोथ्या लंडनच्या बाजारात विक्रीस आल्या. भूर्जपत्रे, ताडपत्रे आणि कातडे यांवर दुसऱ्या ते आठव्या शतकांत लिहिलेली ही पाने बामियान परिसरातील गुहांतली असल्याचे सांगण्यात आले. नॉर्वेतील धनाढ्य संग्राहक मार्टिन स्कॉयेन यांनी ती विकत घेतली आणि हजारो तुकड्यांचा हा ठेवा खासगी मालमत्ता बनला. ज्या भूमीत तो शतकानुशतके राहिला, तेथील जनतेला मात्र कोणी विचारले नाही.

या मालकीचे समर्थक एक वजनदार कारण पुढे करतात. मार्च २००१ मध्ये तालिबानने बामियानच्या बुद्धमूर्ती उडवल्या. पोथ्या तेथेच असत्या तर त्यांचीही राख झाली असती, असे ते म्हणतात. हे कारण झटकून टाकण्यासारखे नाही. येन्स ब्रार्विग आदी विद्वानांनी २००० पासून या पोथ्यांचे खंड प्रसिद्ध केले, हे कामही मोलाचे आहे. परंतु आगीतून शेजाऱ्याची पेटी बाहेर काढणारा त्या पेटीचा धनी होत नाही. शिवाय ही आग केवळ धर्मांधांनी लावलेली नाही. बाजारात भाव मिळतो म्हणूनच गुहा उकरल्या जातात. उकरणाऱ्या गरिबाच्या हाती चार पैसे पडतात, नफा दलालाकडे जातो आणि पोथी कोणत्या विहारातली, कशाशेजारी सापडली, हे ज्ञान कायमचे नष्ट होते.

काबूलच्या संग्रहालयातून गेलेले काही तुकडे पुढे परत करण्यात आले. परंतु नोंद असलेल्या वस्तूची चोरी सिद्ध करता येते. गुहेच्या बाजूने साक्ष देणारा कोणी नसतो. १९७० चा युनेस्को करार नॉर्वेने २००७ मध्ये मान्य केला, आणि तो मागील व्यवहारांना लागू होत नाही. म्हणूनच वस्तू कोठून आली हे सिद्ध करण्याचा भार विकत घेणाऱ्यावरच असला पाहिजे.

भारताचा ताजा अनुभवही डोळे उघडणारा आहे. पिप्रहवा येथे १८९८ मध्ये बुद्धाच्या अस्थींसोबत सापडलेल्या रत्नांपैकी काही, उत्खनन करणाऱ्या इंग्रज जमीनदाराच्या घराण्यात राहिली. २०२५ मध्ये त्यांचा लिलाव पुकारला गेला. सरकारच्या नोटिशीनंतर तो थांबला. पण रत्ने परतली ती मुंबईच्या एका उद्योगसमूहाने विकत घेतल्यावर. पुनरागमनाचा सोहळा झाला, मात्र वसाहतीच्या काळात मिळालेल्या मालकीला त्यामुळे मान्यताच मिळाली. परत मिळवणे आणि विकत घेणे यांतला भेद अशाने पुसला जातो.

२०२१ पासून काबूलमध्ये पुन्हा तालिबानची सत्ता आहे. मग पोथ्या आजच धाडाव्यात काय? तसा हट्ट कोणी धरू नये. स्वित्झर्लंडमधील बुबेनडॉर्फ येथे अफगाण वस्तूंसाठी ‘निर्वासित संग्रहालय’ उभे राहिले. तेथील सुमारे १,४०० वस्तू २००७ मध्ये काबूलला परतल्या. मालकी अफगाण जनतेची आणि सांभाळ दुसऱ्याचा, हे शक्य आहे. विश्वस्त तो, जो हिशेब देतो. खासगी संग्राहकांनी खरेदीची कागदपत्रे उघड करावीत, मालकी लेखी सोडावी आणि पोथ्यांची छायाचित्रे सर्वांना खुली करावीत. बहुजनांच्या हितासाठी सांगितलेला धर्म ज्या पानांवर उतरवला गेला, ती पाने एकाच्या तिजोरीत राहावीत, याहून मोठी विसंगती कोणती?