बँकेचा फोन आता १६०० वरून येणार, मग काळजी मिटली का?

बँकांनी ग्राहकांना सेवेसाठी किंवा व्यवहारासंबंधी फोन करायचा तर तो १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच करायचा, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. जाहिरातीच्या फोनसाठी १४०. नंतर ट्रायने व्यापारी बँकांना १ जानेवारी २०२६ ची मुदत घालून दिली. म्हणजे "हेड ऑफिसमधून बोलतोय, तुमचं केवायसी संपलंय" असं सांगणारा फोन साध्या मोबाइल नंबरवरून आला, तर पुढचं ऐकायचीही गरज नाही.

माझ्या मते नियम चांगला आहे, पण तो एकाच बाजूने कामाचा. १६०० नसेल तर फोन ठेवा, हे बरोबर. १६०० दिसला की विश्वास ठेवा, हे मात्र नाही. स्क्रीनवर दिसणारा नंबर बनावट असू शकतो. परदेशातून भारतीय नंबर दाखवत येणारे कॉल अडवायला सरकारला २०२४ मध्ये वेगळी यंत्रणा उभी करावी लागली, ती त्याचसाठी. व्हॉट्सअॅप कॉलला तर ही मालिका लागूच नाही. बँकेचा लोगो डीपीला कोणीही लावतं. ट्रूकॉलरवर दिसणारं नावही बँकेने दिलेलं असेलच असं नाही.

आणि ब्रँचमधले ओळखीचे साहेब स्वतःच्या मोबाइलवरून फोन करतातच की! त्यांना "ब्रँचमध्ये येतो" म्हणा. खरे असतील तर रागावणार नाहीत.

आता ओटीपीचं. "ओटीपी कुणाला सांगू नका" हे आपण इतकी वर्षं ऐकतोय, की भामट्यांनी तो विचारणंच कमी केलंय. ते व्हॉट्सअॅपवर एक एपीके फाइल पाठवतात, नाव बँकेचं किंवा केवायसीचं. ती इन्स्टॉल केली की अॅप मेसेज वाचायची परवानगी मागतं. फोनवरचा माणूस गोड आवाजात "अलाऊ दाबा काका" म्हणतो. त्यानंतर येणारा प्रत्येक ओटीपी तुमच्या नकळत त्याच्याकडे जातो. तुम्ही कुणाला काही सांगितलेलंच नसतं! स्क्रीन शेअर करणाऱ्या अॅपचंही तसंच. म्हणून घरच्यांना मी ओटीपीपेक्षा वेगळंच सांगतो: फोन चालू असताना मोबाइलमध्ये काहीही दाबायचं नाही. आधी फोन ठेवायचा, मग कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण फोन करायचा. गुगलवर कस्टमर केअर शोधू नका, तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० लावा आणि बँकेलाही कळवा. १९३० वर तक्रार झाली की पैसे ज्या खात्यात गेलेत त्या बँकेपर्यंत निरोप जातो, आणि ते पुढे काढले गेले नसतील तर गोठवता येतात. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक इथे कठोर होतं: ग्राहकाने स्वतः माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. त्यामुळे तक्रार क्रमांक आणि वेळ दोन्ही लिहून ठेवा. एपीके टाकली असेल तर आधी त्या फोनचं इंटरनेट बंद करा, सिम काढा आणि हे फोन दुसऱ्याच्या मोबाइलवरून करा.