‘नॉर्मल’चे माप कोणाच्या हाती?

रायपूरच्या उरला आणि सिलतरा या औद्योगिक पट्ट्यांत स्पंज आयर्नच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल रात्रंदिवस चालतात. ठेकेदाराच्या हाताखाली बारा तासांची पाळी करणारा तेथील एखादा कामगार घ्या. त्याचा मुलगा चार वर्षांचा झाला तरी बोलत नाही, भोंगा वाजला की कान दाबून किंचाळतो, एखाद्या फिरत्या चाकाकडे तासन् तास पाहत बसतो. या कुटुंबाने जायचे कोठे? टाटीबंधला एम्स आहे, शहरात आंबेडकर रुग्णालय आहे. राजनांदगावला, सुमारे सत्तर किलोमीटरवर, केंद्र सरकारचे पुनर्वसन केंद्र आहे. राज्याचे मानसिक रुग्णालय बिलासपूरजवळ सेंदरीला आहे. दारे आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु प्रत्येक दाराशी जाण्याची किंमत एका दिवसाची रोजी आहे, आणि अशा मुलाला लागणारी मदत एका भेटीत संपत नाही. ती आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षे घ्यावी लागते.

दाराच्या आत काय मिळते, हा प्रश्न याहून अवघड आहे. बहुतेक ठिकाणी उपचाराचे उद्दिष्ट एकच असते: मूल चारचौघांसारखे दिसले पाहिजे. डोळ्यांत डोळे घालून पाहा, हात हलवू नकोस, जागेवर बस. अमेरिकेत इव्हार लोव्हास या मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात याच उद्दिष्टासाठी मुलांवर विजेच्या धक्क्यांचाही प्रयोग केला. 1987 मध्ये त्याने आठवड्याला चाळीस तासांच्या शिकवणीने जवळपास निम्मी मुले इतरांसारखी झाल्याचा दावा केला. ते धक्के आज बहुतेक ठिकाणी दिले जात नाहीत, पण उद्दिष्ट फारसे बदललेले नाही. चाळीस तास! कामगाराचाच आठवडा चार वर्षांच्या पोरावर लादण्याची ही कल्पना कोणत्या समाजव्यवस्थेत सुचू शकते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

याविरुद्ध 1990 च्या दशकात खुद्द ऑटिस्टिक व्यक्तींनीच आवाज उठवला. जिम सिंक्लेअर यांनी 1993 मध्ये पालकांना बजावले की, आमच्यासाठी शोक करीत बसू नका. मेंदूच्या घडणीतील वैविध्य हे मानवजातीचे स्वाभाविक लक्षण आहे, हा न्यूरोडायव्हर्सिटीचा विचार याच चळवळीतून पुढे आला. त्याचा अर्थ मदत नको असा नव्हे. चिंता, निद्रानाश, नैराश्य, आत्महत्येचे विचार यांवर उपचार हवेतच. ऑटिस्टिक प्रौढांत आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा अधिक असल्याचे संशोधनातून दिसून आले आहे. परंतु जन्मजात वेगळेपण हा रोग मानून ते पुसून टाकण्यासाठी माणसाला आयुष्यभर मुखवटा घालायला लावणे, हेच त्या नैराश्याचे एक कारण असते. गोंगाट कमी करा, सूचना लिहून द्या, हात हलवायचे तर हलवू द्या, आणि मग दुःखाचे कारण शोधा, असे हा विचार सांगतो.

या संदर्भात एक विस्मृत नाव आठवणे उचित ठरेल. कीव्हमध्ये जन्मलेल्या डॉ. ग्रुन्या सुखारेवा यांनी मॉस्कोतील सहा मुलांचे वर्णन 1925 मध्ये प्रसिद्ध केले. लिओ कॅनर यांचा गाजलेला निबंध आला 1943 मध्ये. सुखारेवांच्या संस्थेत ही मुले व्यायाम, चित्रकला आणि सुतारकाम यांतून शिकत. पुढे त्याच देशात अपंग मुलांना बंदिस्त संस्थांत ठेवण्याची रीत पडली, हेही लपवण्याचे कारण नाही.

आपल्याकडे कायद्यांची वाण नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले. त्यांत ऑटिझम आहे, एडीएचडीचे नाव मात्र नाही. परिणामी ज्याचे लक्ष क्षणाक्षणाला उडते, ज्याची नोकरी दर सहा महिन्यांनी सुटते, त्या प्रौढाला केवळ त्या कारणावरून प्रमाणपत्र मिळत नाही. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण आहे, पण ते चारच प्रकारांना. त्यांतही एडीएचडी नाही. त्यावरील मेथिलफेनिडेट हे औषध अमली पदार्थांच्या कायद्याखाली नियंत्रित आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने 2013 पासून ऑटिझम आणि एडीएचडी या दोहोंचा तपासणीच्या यादीत समावेश केला, ही स्तुत्य गोष्ट आहे. तथापि हा कार्यक्रम अठराव्या वर्षी थांबतो. अठराव्या वाढदिवशी मेंदू बदलतो, अशी सरकारची समजूत असावी! 2017 च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवेचा हक्क प्रत्येकाला दिला खरा. परंतु 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, ज्यात छत्तीसगडही होते, निरनिराळ्या विकारांत 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित आढळले. ‘विकलांग’चे ‘दिव्यांग’ करण्यास मात्र तिजोरीतील एक पैसाही लागला नाही.

शब्दांचा विषय निघालाच आहे. मराठीत ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात. या शब्दातच एक निवाडा दडलेला आहे: हा मनुष्य आपल्यातच बुडालेला, जगाशी त्याला कर्तव्य नाही. वस्तुतः जगाचा प्रत्येक आवाज ज्याच्या कानावर घणासारखा पडतो, तो जगापासून तुटलेला कसा? तात्यापाऱ्यातील मराठी घरांना आणखी एक सल्ला मिळतो, की मुलाशी केवळ हिंदीतच बोला, दोन भाषांनी तो गोंधळेल. छत्तीसगढी आणि गोंडी घरांनाही हेच ऐकावे लागते. दोन भाषांमुळे अशा मुलांच्या भाषाविकासाची हानी होते, असे संशोधनातून सिद्ध झालेले नाही. आजीची भाषा हिरावून घेणारा उपचार हा उपचार कसा म्हणावा?

जेथे सार्वजनिक सेवा नाही तेथे बाजार येतो. ऑटिझम बरा करण्याच्या आमिषाने स्टेम सेलची इंजेक्शने लाखो रुपयांना विकली गेली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये त्यांच्याविरुद्ध मत दिले. दुसरीकडे 2013 मध्ये सॅप या सॉफ्टवेअर कंपनीने ऑटिस्टिक व्यक्तींची भरती जाहीर केली, आणि भांडवलाला अचानक वैविध्याचे प्रेम आले. ज्या मेंदूतून नफा निघतो त्याचे वैविध्य. ज्यातून निघत नाही त्याचा विकार! रॉबर्ट चॅपमन यांनी 2023 च्या आपल्या ग्रंथात हेच दाखवले आहे की, कारखानदारी जसजशी वाढली तसतसे ‘नॉर्मल’चे माप आखूड होत गेले.

आणि आपल्या घरात काय चालते? तीन तासांच्या बैठकीत एका जागी न बसणारा कार्यकर्ता बेशिस्त ठरतो. घोषणांच्या गजरात कान झाकणारा भित्रा ठरतो. अशा साथींना बैठकीची विषयपत्रिका आधी लेखी देणे, मध्ये उठू देणे, यास कोणत्याही ठरावाची गरज नाही.

1983 मध्ये दल्ली राजहऱ्याच्या खाणकामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून शहीद हॉस्पिटल उभे केले. सरकारची जबाबदारी त्याने संपली नाही. मागणी करण्याचे धैर्य मात्र वाढले. रायपूरच्या कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात घालाव्यात अशा बाबी साध्या आहेत. एडीएचडीचा कायद्याच्या यादीत समावेश. अठरा वर्षांवरील व्यक्तींची तपासणी जिल्हा रुग्णालयात. छत्तीसगढी आणि मराठी बोलणारे समुपदेशक, आणि त्यांच्या प्रशिक्षणात शिकवणारे म्हणून ऑटिस्टिक प्रौढ. शिवाय उरल्यात आठवड्यातून दोन दिवस, पाळी सुटल्यानंतर, सायंकाळी उघडणारा बाह्यरुग्ण विभाग.