दारे अनेक, जबाबदारी कोणाची?

१२ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी उरण परिसराला दोन गोष्टी मिळाल्या. शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला आणि लोकल उरणपर्यंत धावू लागली. त्याच मार्गावर द्रोणागिरी स्थानक आहे. सिडकोने आखलेला हा नोड अजून भरतो आहे. शेजारी जेएनपीए बंदर, कंटेनर यार्ड आणि जिकडेतिकडे चाललेली बांधकामे. जिथे बंदर, बांधकाम आणि लोकल असते, तिथे काम शोधत माणूस येतोच; आणि त्यांतल्या काहींच्या डोक्यावर छप्पर नसते. शहर आखताना शाळा, बाजार, उद्यान, अगदी स्मशानभूमीचीही जागा ठरते. रात्री उघड्यावर झोपणाऱ्याची जागा मात्र बहुधा कोणीच ठरवत नाही.

हा प्रश्न केवळ घरांचा नाही, तो आरोग्याचा आहे. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले. त्यांतले सुमारे २ लाख ११ हजार महाराष्ट्रात होते. क्षयरोगाचा साधा उपचारही सहा महिने चालतो. ज्याला रोज जागा बदलावी लागते, त्याच्या गोळ्या मध्येच तुटतात आणि तुटलेल्या उपचारातून औषधांना न जुमानणारा क्षय उद्भवतो. रुग्णाच्या पोषणासाठी सरकार जी मदत देते, ती बँक खात्यात जमा होते. खाते काढायला कागद लागतात आणि कागद ठेवायला घर. मधुमेह्याच्या पायाची जखम फुटपाथवर चिघळते. स्किझोफ्रेनियाची औषधे थांबली की आजार उलटतो आणि माणूस भरकटत आणखी दूर जातो.

समजा, द्रोणागिरी स्थानकाबाहेर एक माणूस आठवडाभर बसून आहे. कपडे फाटलेले, स्वतःशी बोलतो, खोकतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ याबाबत स्पष्ट आहे. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती भटकताना आढळली, तर तिला संरक्षण देणे हे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. तिला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे, कोठडीत ठेवायचे नाही. ती बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून कुटुंबाचा शोध घ्यायचा. बेघर व निराधार व्यक्तीला मानसिक आजारावर मोफत उपचार मिळण्याचा हक्कही याच कायद्यात आहे.

पण कायद्यात आणखी एक वाक्य आहे. तपासणीत मानसिक आजार आढळला नाही आणि व्यक्ती बेघर निघाली, तर पोलिसांनी तिला बेघरांसाठीच्या सरकारी निवाऱ्यात पोचवायचे. निवाराच जवळ नसेल तर हे वाक्य अधांतरी लोंबकळते, आणि माणूस पुन्हा स्थानकाबाहेर येऊन बसतो.

द्रोणागिरीत अडचण अधिक गुंतागुंतीची आहे. नियोजन सिडकोकडे. पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे. महसूल प्रशासन रायगड जिल्ह्याचे आणि उरण तालुक्याचे. जिल्हा रुग्णालय अलिबागला, उपजिल्हा रुग्णालय पनवेलला, मनोरुग्णालय ठाण्याला. स्थानकाच्या आवारात रेल्वे पोलीस. पनवेल महापालिका २०१६ मध्ये झाली, पण हा नोड तिच्या हद्दीत नाही. शहरी बेघरांसाठीच्या केंद्रीय योजनेने दर १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांच्या कायमस्वरूपी निवाऱ्याचे माप घालून दिले. तो उभारण्याची जबाबदारी मात्र नागरी स्थानिक संस्थेवर टाकली. ज्या नोडला स्वतःची नगरपालिकाच नाही, तिथे निवारा कोणी बांधायचा? दारे अनेक आहेत. एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत माणसाला नेणारा हात नाही.

असा हात काय करू शकतो, याचे उदाहरण रायगड जिल्ह्यातच आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये श्रद्धा पुनर्वसन संस्था सुरू केली. २००६ पासून तिचे केंद्र कर्जतला आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणायचे, उपचार करायचे, गाव आठवू लागले की घरी पोचवायचे, असे हे काम. २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर ७ हजारांहून अधिक माणसे आपल्या घरी परतली होती. उपचार, शोध आणि परतीचा प्रवास एकाच साखळीत बांधला, म्हणून हे जमले. पण एका संस्थेच्या खाटांवर जिल्ह्याचा भार टाकून यंत्रणेला मोकळे होता येणार नाही.

अमेरिकेतील ह्यूस्टन शहराने २०११ नंतर बेघरांची संख्या निम्म्याहून खाली आणली. तिथे शंभराहून अधिक संस्था एकच यादी वापरू लागल्या आणि कोणाला आधी घर द्यायचे हे गरजेच्या तीव्रतेवरून ठरू लागले. फिनलंडने २००८ पासून 'आधी घर, मग उपचार' हे सूत्र राबवले. त्या देशांचा पैसा आपल्याकडे नाही, हे खरे. पण सामायिक यादी ठेवायला पैशापेक्षा इच्छाशक्तीच जास्त लागते.

द्रोणागिरीसाठी सुरुवात छोटी असू शकते. सिडको, उरण तहसील, पोलीस, रेल्वे आणि आरोग्य विभाग यांची महिन्यातून एक बैठक. तिच्यासमोर आकडे नकोत, माणसांची नावनिशीवार यादी हवी: कोण, कुठे झोपतो, कोणता आजार, पुढचे पाऊल कोणाचे. ही यादी हाकलण्यासाठी वापरली गेली तर पुढच्या वेळी कोणी नाव सांगणार नाही. म्हणून ती गोपनीय हवी आणि आरोग्य विभागाच्या ताब्यात हवी. पाठपुराव्यासाठी एक जबाबदार अधिकारी, ज्याचा फोन रात्रीही लागेल. रुग्णालयातून सुटणाऱ्या बेघर रुग्णाला 'घरी सोडले' असा शेरा मारण्याआधी तो जाणार कुठे याची नोंद. क्षयाच्या गोळ्या निवाऱ्यातच देण्याची सोय. आणि नोड अजून भरतो आहे तोवरच निवाऱ्यासाठी स्थानकाजवळ एक भूखंड. इमारती उभ्या राहिल्यावर अशी जागा शोधू लागले की शेजाऱ्यांचा विरोध आधी उभा राहतो.

निवारा झाला की बाहेरचे लोक येतील, ही भीती नेहमी बोलून दाखवली जाते. बाहेरचे लोक आलेलेच आहेत. बंदर आणि इमारती त्यांच्याच हातांनी चालतात. प्रश्न इतकाच की त्यांतला एखादा आजारी पडला, भरकटला किंवा म्हातारा झाला, तर तो कोणाच्या यादीत असेल. कोकणचा पाऊस जूनमध्ये सुरू होतो. तो हद्दी पाहून पडत नाही.