ई-सिगारेट असो वा ई-स्कूटर, चार्जिंगला लावलेली बॅटरी पेट का घेते? पालकांनी काय पाहावे? समजून घ्या

बुलढाणा : पेन ड्राइव्ह किंवा हायलायटरसारखी दिसणारी, फळांचा गोड वास येणारी एखादी वस्तू मुलाच्या दप्तरात सापडली, तर ती काय आहे हे अनेक पालकांना कळतच नाही. ती ई-सिगारेट असू शकते. तिच्यातल्या निकोटिनबद्दल बरेच बोलले जाते, पण तिच्या आत एक लिथियम बॅटरीही असते. ती मोबाइलसारखी चार्ज करावी लागते आणि चार्जिंग चुकले तर पेटूही शकते. हाच धोका पॉवर बँक, ई-स्कूटर आणि शेतातल्या फवारणी पंपाच्या लिथियम बॅटरीलाही आहे. नेमके काय होते आणि घरात कोणती काळजी घ्यायची, ते पाहू.

ई-सिगारेटवर बंदी आहे, मग हा प्रश्न कुठून आला?

केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश काढून ई-सिगारेटवर बंदी घातली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठा, जाहिरात असे सगळेच गुन्हा ठरले. विक्रीसारख्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. गुन्हा पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नुसता साठा केला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

बंदी योग्यच आहे. पण तिचा एक परिणाम लक्षात घ्यायला हवा. जी वस्तू कायद्याने विकताच येत नाही, तिला भारतीय मानक नसते, पक्के बिल नसते, वॉरंटी नसते. आतली बॅटरी कोणत्या दर्जाची आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. त्यात लपून वापरायची वस्तू लपूनच चार्ज होते. ती उशीखाली, कपाटात, पांघरुणात किंवा दप्तरातल्या पॉवर बँकेवर लागते. लिथियम बॅटरी चार्ज करण्यासाठी याहून वाईट जागा नाही.

बॅटरी पेट का घेते?

लिथियम-आयन सेलमध्ये दोन थर असतात आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो. आत भरलेले द्रावण ज्वलनशील असते. बहुतेक सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरायचे असतात. त्यापुढे चार्जिंग चालूच राहिले, सेल दाबला गेला किंवा कारखान्यातच दोष राहिला, तर आत शॉर्ट सर्किट होते आणि उष्णता वाढते. साधारण १३० अंशांच्या आसपास तो पडदा वितळू लागतो. दोन्ही थर एकमेकांना भिडतात, आणखी उष्णता तयार होते. उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते आणि त्या क्रियेने पुन्हा उष्णता. या साखळीला ‘थर्मल रनअवे’ म्हणतात. एकदा ती सुरू झाली की प्लग काढूनही थांबत नाही.

ई-सिगारेटचा आकार यात भर घालतो. सेल लांबट नळीत बंद असतो. आत वायूचा दाब वाढला की नळीचे टोक उडते आणि पेटलेला सेल बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर फेकला जाऊ शकतो.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या बातम्या तपासून ई-सिगारेटच्या आगीच्या व स्फोटाच्या १९५ घटना नोंदवल्या. त्यातील ४८ घटना चार्जिंग सुरू असताना घडल्या. ६१ घटनांत वस्तू किंवा सुटी बॅटरी खिशात होती आणि ६० घटनांत ती ओढली जात होती. एकूण १३३ जण जखमी झाले, त्यातील ३८ गंभीर. म्हणजे चार्जिंग हा मोठा धोका असला तरी एकमेव नाही. सुटा सेल खिशात किल्ल्या किंवा नाण्यांसोबत ठेवला तरी शॉर्ट सर्किट होते.

चूक चार्जरची की वस्तूची?

‘फास्ट चार्जर लावला म्हणून पेटली,’ असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. यूएसबी चार्जर वीज जबरदस्तीने ढकलत नाही. वस्तूच्या आतली चिप किती वीज घ्यायची आणि ४.२ व्होल्टला कधी थांबायचे हे ठरवते. चांगल्या मोबाइलमध्ये हे काम नीट होते. बेनामी ई-सिगारेटमध्ये ही चिप हलकी असते किंवा तिचे संरक्षण अपुरे असते. मग कोणताही चार्जर लावला तरी सेल मर्यादेपलीकडे भरला जाऊ शकतो. चार्जिंगचे पोर्टच नसलेली, वापरून फेकायची ई-सिगारेट उघडून वायर जोडणे तर त्याहून धोक्याचे.

ई-स्कूटरच्या बाबतीत मात्र चार्जर बदलणे थेट जिवावर बेतू शकते. एक हिशेब पाहा. ४८ व्होल्टच्या लिथियम पॅकमध्ये सहसा १३ सेल एका ओळीत असतात. १३ गुणिले ४.२ म्हणजे ५४.६ व्होल्ट, ही झाली वरची मर्यादा. ४८ व्होल्टचा लेड-ॲसिड बॅटरीचा चार्जर मात्र ५८ व्होल्टच्या पुढेही जाऊ शकतो. दोन्हींवर ‘४८ व्होल्ट’च लिहिलेले असते आणि पिनही सारखी असू शकते. अशा वेळी पॅकमधली सुरक्षा यंत्रणा, म्हणजे बीएमएस, हाच शेवटचा बचाव. ती खराब असेल तर बचाव उरत नाही.

महाराष्ट्रात असे घडले आहे का?

हो. वसई पूर्वेच्या रामदास नगरमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये ई-स्कूटरची बॅटरी काढून घरात चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला. त्याच खोलीत आजीसोबत झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि उपचार सुरू असताना दगावला. बॅटरी जास्त तापल्याचा पोलिसांचा प्राथमिक अंदाज होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मराठवाड्याला लागून असलेल्या तेलंगणातील निजामाबादमध्येही घरात चार्जिंगला लावलेली बॅटरी फुटून ८० वर्षांच्या वृद्धाचा मृत्यू झाला होता.

दोन्ही घटनांत एक गोष्ट समान आहे. बॅटरी राहत्या खोलीत होती आणि घरातली माणसे झोपलेली होती.

त्या वर्षीच्या घटनांनंतर केंद्राने दुचाकींच्या बॅटरीसाठी एआयएस-१५६ हे निकष कडक केले. ते १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. पण हे निकष नव्या गाडीसोबत येणाऱ्या बॅटरीचे आहेत. दोन-तीन वर्षांनी ती उतरली आणि स्वस्तात जोडलेला पॅक बसवला, तर तो घरोघरी जाऊन कोणी तपासत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात जास्त काळजी का?

पहिले कारण ऊन. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर जाणे नवे नाही. बहुतेक लिथियम सेल चार्ज करण्याची वरची मर्यादा ४५ अंश असते. टिनाच्या छताखालच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बॅटरी चार्जिंगला लागण्याआधीच त्या मर्यादेजवळ पोहोचलेली असते. घाटावर हवा थोडी बरी, पण बंद खोलीत तिथेही फारसा फरक पडत नाही.

दुसरे कारण कापूस. भाव वाढेल या आशेने अनेक शेतकरी कापूस घरातच भरून ठेवतात. गाडी किंवा फवारणी पंप चार्जिंगला लावण्याचे बोर्ड बहुतेकदा त्याच खोलीत किंवा ओसरीत असते. जिथे कापूस, कडबा, डिझेलची कॅन किंवा खतांची पोती आहेत, तिथे कोणतीही बॅटरी चार्जिंगला लावू नका. एक ठिणगीही पुरेशी आहे.

घेताना काय तपासायचे?

पॉवर बँक, मोबाइलचे ॲडॉप्टर आणि लिथियम बॅटरी यांना भारतीय मानक ब्युरोची, म्हणजे बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर बीआयएसच्या खुणेसोबत इंग्रजी ‘आर’ अक्षर आणि आठ आकडी क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाका, कंपनीचे नाव दिसते. नाव जुळले नाही तर वस्तू परत करा. ई-सिगारेटवर असा क्रमांक शोधण्यात अर्थ नाही, कारण ती मुळातच बेकायदा आहे.

घरात पाळायचे सहा नियम

- झोपताना किंवा घराबाहेर जाताना गाडीची बॅटरी, पॉवर बँक चार्जिंगला ठेवू नका.
- गादी, उशी, सोफा नको. फरशीवर, मोकळ्या हवेत ठेवा.
- बाहेर पडायच्या दारात किंवा जिन्यात चार्जिंग नको. आग लागली तर वाट तिथेच अडते.
- गाडी चालवून आल्यावर बॅटरी अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या, मगच लावा.
- गाडीसोबत आलेलाच चार्जर वापरा. तो बिघडला तर त्याच कंपनीचा घ्या.
- बॅटरी फुगली, गळली, पाण्यात भिजली किंवा उग्र वास आला तर वापर लगेच बंद करा. ती घंटागाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, त्यामुळे विक्रेत्याकडे परत द्या.

पेटलीच तर?

आधी माणसे बाहेर काढा. धूर विषारी असतो, तो छातीत जाऊ देऊ नका. शक्य असेल तर मेन स्विच बंद करा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा. मोबाइल किंवा ई-सिगारेटएवढी छोटी वस्तू असेल तर वीज बंद केल्यावर लांबून भरपूर पाणी ओता. पाण्याने सेल थंड होतो. आग विझल्यासारखी दिसली तरी ती पुन्हा भडकू शकते, म्हणून वस्तू हातात घेऊ नका. स्कूटरची बॅटरी पेटली तर स्वतः विझवण्याच्या भानगडीत पडू नका.

मुलाकडे ई-सिगारेट सापडली तर?

ती चार्जिंगवर असेल तर आधी प्लग काढा आणि अंथरुणापासून दूर, फरशीवर ठेवा. नुसती आरडाओरड केली तर मूल पुढच्या वेळी ती आणखी लपवून चार्ज करेल, आणि धोका वाढेल. निकोटिन आणि बॅटरी, दोन्हींबद्दल शांतपणे बोला. सवय सोडवण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय टोल फ्री क्रमांकावर समुपदेशन मिळते.

प्रश्न कुठे अडतो?

कायदा विक्रेत्याला पकडतो, मानक नव्या वस्तूला तपासते. राहत्या खोलीत रात्रभर चालणारे चार्जिंग या दोन्हींच्या कक्षेबाहेर राहते. त्यासाठी शाळांच्या पालक सभेत आणि ग्रामसभेत हा विषय निघायला हवा, विक्रेत्यांनी गाडी देताना चार्जिंगचे नियम मराठीत लिहून द्यायला हवेत. तोपर्यंत एक काम आजच करता येईल : झोपण्यापूर्वी घरातल्या सगळ्या बोर्डांवर एक नजर टाका आणि चार्जिंगला लागलेली बॅटरी काढून ठेवा.